ऊन दाखवले म्हणजे जंतू मेले?

वैशाखात एरंडोलच्या धाब्यांवर आणि गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, लाल मिरच्या आणि एका कडेला वर्षभर वापरलेल्या गाद्या-गोधड्या. हे सगळे उन्हात कशासाठी, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात. ओल जावी म्हणून, आणि जंतू मरावेत म्हणून. पहिल्या उत्तराशी माझे भांडण नाही. दुसरे मात्र शाळेच्या फळ्यापासून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीपर्यंत इतक्या एकमुखाने दिले जाते की त्याची एकदा उलटतपासणी व्हायलाच हवी.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. लंगडा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडण्यात कसला आला पुरुषार्थ. १८७७ साली आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघा इंग्रजांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग ठेवला. जंतूंना पोसणारे द्रावण काचेच्या नळ्यांत भरायचे, काही नळ्या उन्हात ठेवायच्या, काही झाकून ठेवायच्या. झाकलेल्या नळ्यांतले द्रावण जंतूंनी गढूळ झाले, उन्हातले निवळ राहिले. स्पेक्ट्रमच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडचा प्रकाश अधिक मारक, हेही त्यांनी ओळखले. १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू उन्हात मरतात असे सांगितले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर दिव्याच्या प्रकाशाने उपचार केले आणि १९०३ चे वैद्यकाचे नोबेल मिळवले. आपल्याकडे पाचगणी आणि मिरजेला क्षयरोग्यांची आरोग्यधामे उभी राहिली ती मोकळी हवा आणि स्वच्छ ऊन यांच्याच भरवशावर. १९१३ मध्ये लुई ब्रँडाइस या अमेरिकन वकिलाने बँकांच्या कारभाराबद्दल लिहिताना सूर्यप्रकाशाला सर्वोत्तम जंतुनाशक म्हटले, आणि तेव्हापासून पारदर्शकतेवर भाषण करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे विज्ञान फुकटात मिळाले.

यातला एकही प्रयोग खोटा नाही. खोट आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. ‘ऊन जंतूंना मारू शकते’ इथून आपण नकळत ‘प्रकाश हा जंतूंचा वैरी’ इथे आलो, आणि तिथून ‘जंतू बिचारा आंधळा, उजेड पडला की मरण्यापलीकडे त्याच्या हाती काही नाही’ इथे पोचलो. माझा आक्षेप या शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे. उन्हात जे मारणारे आहे त्याच्याच सोबत सावरणारेही असते. असंख्य जंतू ते सावरणारे वापरतात. एवढेच नव्हे, उजेड पडला आहे हे त्यांना कळते आणि त्यानुसार ते आपली तयारी बदलतात.

खानदेशातले ऊन अंगावर घेताना एकच वाटते, पण ते तीन-चार गोष्टींचे मिश्रण आहे. त्यात उष्णता देणारे अवरक्त किरण आहेत, डोळ्यांना दिसणारा प्रकाश आहे आणि न दिसणारे अतिनील किरण आहेत. अतिनील किरणांतला सर्वांत घातक भाग, म्हणजे ‘सी’ गट, ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वरच अडवतात. मधल्या ‘बी’ गटातला थोडासा खाली उतरतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा सौम्य समजल्या जाणाऱ्या ‘ए’ गटाचा असतो. जंतूच्या डीएनएवर थेट घाव घालतो तो मुख्यत्वे ‘बी’ गट. डीएनएच्या धाग्यावर थायमीन नावाचे दोन घटक शेजारी आले आणि त्यांनी असा किरण गिळला, की ते समोरच्या धाग्याशी असलेली आपली नीट जोडी सोडून एकमेकांनाच चिकटतात. शिवणीत शेजारचे दोन टाके एकमेकांत गुंतावेत आणि कापड तिथे आवळले जावे, तसे डीएनए तिथे मुडपते. नक्कल काढणारी यंत्रणा त्या गाठीपाशी अडते. अशा पुरेशा गाठी पडल्या की पेशी विभागू शकत नाही. ‘ऊन लागून जंतू मेला’ याचा एक मोठा अर्थ एवढाच.

आता उत्तरपक्ष. त्याची सुरुवात एका वैतागलेल्या संशोधकापासून होते. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत १९४८ च्या सुमारास अल्बर्ट केल्नर ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’ या मातीतल्या जंतूच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडत होते. हा तोच जंतू, ज्यापासून १९४३ साली क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. केल्नर यांना पडलेले कोडे असे की किरणांची मात्रा तीच, बीजाणू तेच, तरी एकदा मूठभर वाचत आणि दुसऱ्यांदा हजारोंनी. आधी संशय तापमानावर गेला. मग लक्षात आले की पाण्याच्या ज्या भांड्यात नमुने ठेवले होते ते काचेचे होते आणि खिडकीजवळ होते. अतिनील किरणांनी जवळजवळ संपवलेले बीजाणू साध्या दिसणाऱ्या प्रकाशात ठेवले की त्यांतले प्रचंड संख्येने परत उभे राहत होते. अंधारात ठेवलेले मरत होते. हा निबंध १९४९ चा. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात रेनाटो डुलबेको यांना जंतूंवर जगणाऱ्या विषाणूंबाबत हेच दिसले. काचेच्या बश्या एकावर एक रचल्या होत्या, वर नळीचा दिवा होता. वरच्या बशीत अधिक विषाणू जिवंत, खालच्या बशीत कमी. दिव्याचा उजेड खालपर्यंत नीट पोचत नव्हता. विषाणूकडे स्वतःची दुरुस्तीची साधने नसतात. त्याचे भले केले ते ज्या ई. कोलाय जंतूत तो शिरला त्या जंतूच्या प्रथिनाने.

म्हणजे डाउन्स-ब्लंट यांच्या प्रयोगाला बहात्तर वर्षे होतात न होतात तोच त्याचा जोडीदार प्रयोग हजर झाला होता. पण पहिला प्रत्येक पाठ्यपुस्तकात पोचला आणि दुसरा विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गातच अडकला. मारणारी बातमी पळते, वाचवणारी रेंगाळते. असो.

पुढे क्लॉड रुपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशीबाहेर, नळीतच ही दुरुस्ती घडवून दाखवली. पावाच्या यीस्टचा अर्क, बिघडवलेले डीएनए आणि प्रकाश एवढे पुरत होते. प्रकाश काढून घेतला की काम बंद. या कामगार प्रथिनाला फोटोलायेज म्हणतात. वॉल्टर हार्म यांनी त्याची मोजणी मोठ्या युक्तीने केली. फोटोलायेज अंधारातही गाठ शोधते आणि तिच्यावर बसून राहते. फक्त गाठ सोडवायला त्याला प्रकाश लागतो. मग एकच तेजस्वी चमक दिली तर त्या क्षणी जेवढी प्रथिने गाठींवर बसली असतील तेवढ्याच गाठी सुटणार. या हिशेबाने ई. कोलायच्या एका पेशीत ही प्रथिने अवघी वीसेक निघाली. इतकी दुर्मीळ वस्तू शुद्ध करून अभ्यासायची कशी, या अडचणीत विषय बरीच वर्षे रुतला होता. तो बाहेर काढला अझीझ संजार यांनी. तुर्कस्तानच्या मार्दिन प्रांतातल्या सावूर या छोट्या गावचा, आईबाप न शिकलेले, काही काळ गावाकडे डॉक्टरकी केलेला हा माणूस डॅलसला रुपर्ट यांच्याकडे गेला, आणि त्याने फोटोलायेजचे जनुक वेगळे काढून ते प्रथिन जंतूकडूनच भरपूर तयार करवून घेतले. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल डीएनएच्या दुरुस्तीच्या यंत्रणांसाठी टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्याबरोबर त्यांना मिळाले. तालुक्याच्या गावातून मोठे विज्ञान होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी सावूरचे नाव सांगत असतो.

फोटोलायेज काम कसे करते? त्याच्या पोटात ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू असतो आणि बहुधा सोबतीला प्रकाश गोळा करणारा दुसरा रेणू, जो ई. कोलायमध्ये फोलेटच्या कुळातला आहे. साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्या-निळ्या अंगाचा प्रकाश हा दुसरा रेणू टिपतो आणि ती ऊर्जा पहिल्याकडे देतो. पहिला रेणू एक इलेक्ट्रॉन गाठीकडे टाकतो, थायमीनची जोडी फुटते, इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी येतो. सगळा व्यवहार सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास आटोपतो. डीएनए कुठे कापावे लागत नाही, नवा तुकडा बसवावा लागत नाही, पेशीच्या गाठीची ऊर्जा जवळजवळ खर्च होत नाही. याउलट अंधारातली दुरुस्ती पाहा. ई. कोलायची ‘यूव्हीआर’ प्रथिने बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन बारा-तेरा घटकांचा तुकडा उपसून काढतात आणि तो पुन्हा भरावा लागतो. बिघाड फारच वाढला तर ‘एसओएस’ नावाची आणीबाणीची व्यवस्था सुरू होते. तिच्यात काही प्रथिने गाठीवरून कशीबशी नक्कल रेटत नेतात आणि चुका करतात. प्रकाशातली दुरुस्ती अशी चूक मागे ठेवत नाही. जंतूला स्वस्त आणि बिनचूक काम हवे असेल तर त्याला उजेडच हवा.

इथे जाणकार प्रतिपक्षी म्हणेल की हे प्रथिन प्रकाश ‘वापरते’, ओळखत नाही. कामगाराला इंधन मिळाले म्हणून तो द्रष्टा होत नाही. आक्षेप रास्त आहे. फोटोलायेजवर थांबलो असतो तर ‘जंतू आंधळा’ हा मुद्दा मला सोडावा लागला असता. पण प्रकाश ओळखणारी प्रथिने निराळी आहेत, आणि प्रकाशावर न जगणाऱ्या, अन्न खाऊन जगणाऱ्या जंतूंतही ती सापडली आहेत. हीच या प्रकरणातली खरी नवलाची गोष्ट.

मातीत सर्वत्र आढळणारा बॅसिलस सब्टिलिस घ्या. त्याच्यात ‘वायटीव्हीए’ नावाचे प्रथिन आहे. त्याच्या पोटातही ब-२ जीवनसत्त्वाचाच एक भाऊबंद रेणू बसलेला. निळा प्रकाश पडला की तो रेणू प्रथिनाच्या एका घटकाशी तात्पुरता बंध जोडतो, प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, आणि पेशीची संकटकाळची सर्वसाधारण व्यवस्था जागी होते. अंधार झाला की बंध आपोआप सुटतो. वाटाणा-मसुराच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियममध्ये याच कुळातले प्रथिन आहे. २०१२ साली दिसून आले की जंतूला प्रकाश मिळाला होता की नाही यावर त्याचे चिकटणे आणि मुळांवर गाठी धरणेसुद्धा अवलंबून असते. जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेलात हेच प्रथिन प्रकाशात त्याची रोग करण्याची ताकद वाढवते, हे २००७ साली जाहीर झाले. गोठ्यात ऊन आले म्हणजे सगळे शुद्ध झाले असे मानणाऱ्याने या शेवटच्या उदाहरणापाशी क्षणभर थांबावे.

ब-१२ जीवनसत्त्वाचा उपयोग तर मला सगळ्यांत सुंदर वाटतो. ‘कारएच’ नावाच्या प्रथिनाच्या चार प्रती अंधारात ब-१२ च्या आधाराने एकत्र येतात आणि डीएनएवर बसून केशरी-लाल रंगद्रव्याची जनुके दाबून ठेवतात. प्रकाश पडला की ब-१२ मधला कोबाल्ट आणि कार्बन यांच्यातला बंध तुटतो, चौकडी फुटते, डीएनए मोकळे होते आणि जंतू रंगद्रव्य करू लागतो. हे कॅरोटीनॉइड रंगद्रव्य प्रकाशातून पेशीत तयार होणारी ऑक्सिजनची उपद्रवी रूपे शमवते. गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलसमध्ये रंगद्रव्याची जनुके आणि फोटोलायेजचे जनुक एकमेकांच्या शेजारातच आहेत. ढाल आणि वैद्य एकाच वाड्यात ठेवावेत, ही व्यवस्था योगायोगाची मानायला मी तयार नाही.

यात एक तर्क दडलेला आहे आणि तो माझ्या मते सबंध वादाचा कणा आहे. सकाळी सूर्य उगवतो तेव्हा त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा रस्ता कापून येतात. निळा प्रकाश त्यातून बऱ्यापैकी पोचतो. ‘बी’ गटाचे अतिनील किरण मात्र ओझोनमध्ये जवळजवळ गळून जातात. सूर्य माथ्याकडे सरकू लागला की ते झपाट्याने वाढतात आणि दुपारी शिगेला पोचतात. म्हणजे डीएनएवरचा हल्ला येण्याच्या दोन-तीन तास आधी निळ्या प्रकाशाची वर्दी आलेली असते. ओझोनचा थर असल्यापासून हा क्रम एकदाही चुकलेला नाही. इतकी भरवशाची पूर्वसूचना वाचणारे प्रथिन ज्याच्याकडे आहे त्याने रंगद्रव्य आधी तयार करावे, दुरुस्तीची प्रथिने सज्ज ठेवावीत, यात आश्चर्य नाही. आश्चर्य वाटायचेच तर ते आपल्याला वाटावे. कांगारूच्या कुळात फोटोलायेज अजून आहे, पण माणसासकट सगळ्या वार असणाऱ्या सस्तन प्राण्यांनी ते गमावले आहे. डायनासोरांच्या काळात आपले पूर्वज रात्री हिंडत, म्हणून ते गेले असावे असा एक अंदाज आहे. वैशाखात डोक्याला उपरणे गुंडाळून एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या कातडीत अंधारातलीच महागडी दुरुस्ती चालू असते. त्याच्या पायाखालच्या धुळीतल्या कितीतरी जंतूंकडे उजेडातली स्वस्त दुरुस्ती आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध केवळ उन्हापुरता नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ या जंतूवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. हरि मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे त्याच्या डीएनए-दुरुस्तीवरचे संशोधन जगभर वाचले जाते. हा जंतू १९५६ साली अमेरिकेत, गॅमा किरण देऊन निर्जंतुक झाला असे समजलेल्या मांसाच्या डब्यात सापडला होता. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात; माणसाला ५ ग्रे बहुधा प्राणघातक ठरतात. हा ५,००० ग्रे पचवतो. त्याच्यात १९९९ मध्ये फायटोक्रोम सापडले, म्हणजे वनस्पती तांबडा प्रकाश ओळखायला वापरतात त्याच कुळातले प्रथिन. ते काढून टाकलेला जंतू प्रखर उजेडात रंगद्रव्य कमी करतो आणि त्याची वाढ खुंटते.

प्रतिपक्षाने इथे मला अडवावे, कारण डायनोकॉकसकडे फोटोलायेज नाही. किरणांचा हा महामल्ल आपले डीएनए उजेडाच्या मदतीशिवाय जुळवतो. मान्य. पण यातून सिद्ध काय होते? त्याचा मूळ शत्रू किरण नव्हेच, कोरडेपणा आहे. १९९६ मध्ये मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी दाखवले की किरण सोसू न शकणारे त्याचे वाण वाळवणही सोसू शकत नाहीत. वाळताना डीएनएचे तुकडे पडतात, आणि ते जोडण्याची जी सिद्धी त्याने मिळवली ती गॅमा किरणांनाही लागू पडली. तरीही प्रकाश ओळखणारे प्रथिन त्याने टाकून दिलेले नाही. दुरुस्तीचे एक साधन नसलेल्या जंतूलाही उजेडाची खबर हवीच आहे.

दुसरे उदाहरण आकाशातले. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या राष्ट्रीय बलून केंद्रातून इस्रोच्या प्रयोगासाठी एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्यामागच्या चमूत पुण्याच्या आयुका या संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या सोळा निर्जंतुक पोलादी नळ्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने ती स्वतंत्रपणे तपासली. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. २००९ मध्ये त्यांतल्या तीन जाती नव्या म्हणून जाहीर झाल्या: खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या नावाची जानिबॅक्टर हॉइली, इस्रोच्या नावाची बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटाच्या नावाची बॅसिलस आर्यभट्टाइ. तिघींचीही अतिनील किरण सोसण्याची ताकद त्यांच्या जवळच्या नातलगांपेक्षा लक्षणीय जास्त होती. वर्तमानपत्रांनी ‘परग्रहावरून जंतू’ असे मथळे रंगवले. शास्त्रज्ञांनी स्वतः मात्र तसा निष्कर्ष सिद्ध झाल्याचे म्हटले नव्हते.

या तिघींपैकी आर्यभटाचे नाव लावणारी जात २०१९ मध्ये जुन्या, सर्वपरिचित मेगाटेरियम या जातीचीच असल्याचे ठरले. नावाचा मान गेला म्हणून हळहळणाऱ्यांना मी वेगळी गंमत सांगतो. याच मेगाटेरियमच्या एका वाणात २०१५ साली ब-१२ वर चालणारे प्रकाश-ओळखी प्रथिन आणि त्याच्या ताब्यातली रंगद्रव्याची जनुके यांचा उलगडा झाला होता. एवढ्या उंचीवर, जिथे सूर्य जमिनीपेक्षा कितीतरी कमी पडद्याआडून तळपतो, तिथल्या हवेत सापडलेली जात आणि उजेडाची वर्दी वाचून रंग चढवणारी जात एकच निघावी, हा पुरावा नव्हे, पण दिशा दाखवणारा नक्कीच आहे.

लोणारचे उदाहरण शेजारच्या बुलढाण्याचे, म्हणून टाळवत नाही. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण दिले ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचे. ते काटेकोरपणे जिवाणू नव्हेत, आर्किया आहेत. पण त्यांच्या कुळातला हॅलोबॅक्टेरियम नारिंगी प्रकाशाकडे पोहत जातो आणि निळ्या व अतिनील प्रकाशापासून दूर पळतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे प्रकाश-ओळखी प्रथिने आहेत. जो जीव रंग बघून दिशा ठरवतो त्याला आंधळा म्हणणे मला जमणार नाही.

प्रतिपक्षाचे दोन बाण अजून भात्यात आहेत. पहिला, निळा प्रकाश स्वतःही मारतो. खरे आहे. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाने जंतूंच्या पेशीतले पॉर्फिरिन रेणू उत्तेजित होतात, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, आणि काही रुग्णालयांत असे दिवे लावलेही जातात. म्हणजे ज्या पट्ट्यात फोटोलायेज चालते त्याच पट्ट्यातला प्रकाश जास्त झाला तर विष ठरतो. माझ्या म्हणण्याला याने बाध येत नाही, उलट रंगद्रव्याची ढाल कशासाठी लागते ते कळते. दुसरा बाण अधिक टोकदार आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत भरलेले स्वच्छ पाणी कडक उन्हात सहा तास ठेवले की पिण्याजोगे होते. स्वित्झर्लंडच्या एका संस्थेने १९९० च्या दशकात ही पद्धत गरीब देशांत पोचवली, आणि तिने अतिसार कमी होतो. मग उजेडाने सावरलेले जंतू तिथे कुठे गेले? ते मेले, कारण तिथे मारणाऱ्या गोष्टी एकट्या नव्हत्या. ‘ए’ गटाच्या किरणांनी निर्माण केलेली ऑक्सिजनची रूपे प्रथिने आणि पेशीचे आवरण नासवतात. ते फोटोलायेजच्या हाताबाहेरचे काम. त्यात पाणी ५० अंशांवर गेले तर दोन्ही मारे मिळून कित्येक पटींनी भारी पडतात. थायमीनच्या गाठी सुटल्या तरी बाकीचे घर जळालेले असते. ऊन पुरेसे असेल, वेळ पुरेसा असेल, उष्णता जोडीला असेल तर जंतू मरतात. माझा विरोध ‘ऊन’ या एका शब्दाखाली हे सगळे झाकून टाकण्याला आहे.

हा फरक व्यवहारात उतरतोच. बिबडे टिकतात ते पाणी निघून गेल्यामुळे. ढगाळ दिवसात पंख्याखाली कडकडीत वाळवले तरी टिकतील, आणि झगझगीत उन्हात अर्धवट वाळले तर बुरशी धरतीलच. शिवाय धुळीतले बॅसिलसचे बीजाणू दोन्ही उपायांना पुरून उरतात. त्यांच्या डीएनएवर खास प्रथिनांचे वेष्टण असते, त्यामुळे वेगळ्याच प्रकारची गाठ पडते, आणि रुजताना ती सोडवणारे प्रथिन उजेडाविनाच चालते. गादीला ऊन दाखवण्याने ओल आणि वास यांचा बंदोबस्त होतो. जंतूंचा होतो तो वरवरचा, कापसाच्या आत किरण पोचत नाहीत.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हरभऱ्याच्या दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून लावतात आणि सावलीत सुकवून लगेच पेरतात. इथे जंतू जगवायचा आहे. बियाण्याच्या सालीवर त्याला एकाच वेळी कोरड, उष्णता आणि अतिनील किरण सोसावे लागतात, आणि दुरुस्तीला ओल लागते. फोटोलायेज असले तरी सुकलेल्या पेशीत ते हलणार कसे? म्हणून सावली. ही सूचना माझ्याविरुद्ध जात नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती यूव्ही दिव्याच्या पाण्यात. घरगुती यंत्रातला दिवा २५४ नॅनोमीटरचे, म्हणजे पृथ्वीवर उन्हात मिळतच नाहीत असे किरण सोडतो. त्याने पाण्यातल्या जंतूंच्या डीएनएत मुख्यत्वे थायमीनच्याच गाठी पडतात, बाकीचे शरीर बहुतांशी शाबूत राहते. मात्रा भरपूर असेल तर गाठी इतक्या होतात की सावरणारे नगण्य उरतात. पण दिवा वर्षभर वापरून मंदावला असेल, नळाला गढूळ पाणी आले असेल, तर मात्रा अपुरी पडते. अशा पाण्याची पारदर्शक बरणी खिडकीत, छान उजेडात ठेवली की केल्नर यांच्या काचेच्या भांड्यात घडले तेच घरात घडते. सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांतले अभियंते या सावरण्याचा हिशेब धरूनच दिव्यांची मात्रा ठरवतात. घरी तेवढा हिशेब करायची गरज नाही: दिवा निळसर जळतो आहे म्हणजे पुरेसा जळतो आहे असे न समजता तो ठरल्या मुदतीत बदलावा, गाळणी साफ ठेवावी, आणि यंत्रातून निघालेले पाणी झाकण असलेल्या स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यात भरून ते त्याच दिवशी संपवावे.